आई ओळखत नाही, मग भेटायला कशाला जायचं?

'नर्सिंग होम' म्हटलं की आपल्याकडे बाळंतपणाचं किंवा ऑपरेशनचं छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. मी लिहितोय ते वेगळ्या जागेविषयी. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची कायमची देखभाल करणारी शुश्रूषा केंद्रं पुण्या-मुंबईत आता नवलाईची राहिलेली नाहीत. आई-वडिलांना तिथे ठेवावं की नाही, या वादात मी पडणार नाही. दोघांनी मिळून उचलावं लागणारं शरीर साठीच्या सुनेने एकटीने किती दिवस उचलायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

माझा मुद्दा ठेवल्यानंतरचा आहे. "डॉक्टर, आई मला ओळखतच नाही. जाऊन उपयोग काय?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझ्या मते उपयोग आहे, आणि तो फक्त भावनिक नाही.

केंद्रातल्या मावशी आणि ब्रदर पाळीप्रमाणे बदलतात. एकेकीकडे अनेक रुग्ण असतात. जो हाका मारत नाही, तो त्यांच्या लेखी 'शांत' असतो. म्हातारपणातला आजार नेमका असाच शांतपणे येतो. न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये जळजळ सांगितली जाईलच असं नाही. माणूस एक-दोन दिवसांत मलूल होतो, सारखा झोपतो किंवा असंबद्ध बोलायला लागतो. याला आम्ही 'डिलिरियम' म्हणतो. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांच्या हिशेबाने वाढतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो, आणि कारण सापडलं तर बऱ्याचदा सुधारतो. "परवापर्यंत ह्या अशा नव्हत्या" असं ज्याला छातीठोकपणे सांगता येतं, त्यालाच हा फरक कळतो.

माझे एक पेशंट अशाच केंद्रात होते. मुलीचा फोन आला : "बाबांनी आज चहा मागितला नाही." एवढीच तक्रार. नोंदवहीत ब्लडप्रेशर, नाडी, ताप सगळं ठीक होतं. रक्त तपासलं तर सोडियम बरंच खाली गेलेलं. ब्लडप्रेशरसाठी चालू असलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे. गोळी बदलली, उपचार झाले आणि आठवड्याभरात चहाची मागणी पुन्हा सुरू झाली. मुलीला ते पूर्वीही धड ओळखत नव्हते, नंतरही नाही.

म्हणून मला त्या रविवारी सकाळी अकराच्या भेटी पटत नाहीत. पाच जण, पेढ्यांचा बॉक्स, एक फोटो, अर्ध्या तासात परत. त्यापेक्षा मधल्या वारी एकट्याने, जेवणाच्या वेळी जा. आधी विचारून जा, पण वेळ तीच धरा. ताट तसंच परत जातंय का? कवळी तोंडात आहे की डबीत? आडवं झोपवून भरवत नाहीत ना? तसं भरवलं की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. आणि डायबेटिस असेल तर विचाराच, की जेवण नाकारलं त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन तसंच दिलं का. वयस्कर माणसाची शुगर एकदम खाली जाणं हे थोडी वाढलेली असण्यापेक्षा कितीतरी घातक.

वजनाची नोंद दर महिन्याला मागा. ५० किलोच्या आईचं सहा महिन्यांत अडीच किलो वजन प्रयत्न न करता घटलं, तर 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाड स्वतः बघा. दाबूनही फिका न पडणारा लाल डाग ही बेडसोअरची सुरुवात असते. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता काळपट दिसतो, हाताला गरम किंवा टणक लागतो. काही खटकलं तर मावशीवर ओरडू नका, इन्चार्ज सिस्टरना दाखवा आणि नोंद करायला सांगा. खरोखरच हेळसांड होत असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आता बोलायचं काय? "ओळखलंस का? सांग बरं मी कोण?" ही परीक्षा बंद करा. तिला उत्तर येत नाही आणि ती खजील होते. स्वतःच नाव सांगून टाका. वडील जाऊन दहा वर्षं झाली असतील आणि ती "हे कुठे गेलेत?" विचारत असेल, तर दरवेळी मृत्यूची बातमी देऊ नका. तिच्यासाठी ती दरवेळी नवीच असते. त्यांच्याबद्दल बोला, त्यांना काय आवडायचं ते विचारा. बोलणं सुचत नसेल तर डोक्याला तेल लावा, नखं कापा. (डायबेटिस असेल तर पायाची नखं मात्र सिस्टरवर सोपवा.) तुम्ही आलात हे ती तासाभरात विसरेल, पण भेटीने आलेला बरेपणा आठवणीपेक्षा जास्त टिकू शकतो.

सर्दी-खोकला असेल तर ती भेट पुढे ढकला. तुमची साधी सर्दी त्या वॉर्डात साधी राहीलच असं नाही.

परदेशातल्या मुलांनी व्हिडिओ कॉल शक्यतो इथल्या सकाळी करावा. संध्याकाळकडे अनेकांचा गोंधळ वाढतो. कॉलच्या आधी मावशींना चष्मा पुसायला आणि कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे ना ते बघायला सांगा. आणि कॉल संपायच्या आधी दोन मिनिटं मावशींशीही बोला : काल काय जेवली, रात्री झोपली का, आज चहा मागितला का.