इंटरनेटचा धूर कुठून निघतो?

फोनवर रील बघताना धूर दिसत नाही. पण मोबाइल टॉवर, एक्स्चेंज आणि घरातला राउटर चोवीस तास विजेवर चालतात, आणि भारतातली बहुतांश वीज अजूनही कोळशापासूनच बनते.

घरातला हिशेब
10 वॅटचा राउटर वर्षभर चालू राहिला, तर सुमारे 88 युनिट वीज लागते. एका युनिटमागे अंदाजे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हा आकडा 60 किलोच्या वर जातो. विशेष म्हणजे, नेट वापरलं नाही तरी खर्चात फार फरक पडत नाही.

टॉवरचं डिझेल
वीज गेली की अनेक टॉवर जनरेटरवर चालतात. 2015 पर्यंत ग्रामीण भागातले 50 टक्के आणि शहरांतले 20 टक्के टॉवर अपारंपरिक ऊर्जेची जोड देऊन चालवा, असं दूरसंचार विभागाने 2012 मध्ये कंपन्यांना सांगितलं. 2020 साठीचं लक्ष्य अनुक्रमे 75 आणि 33 टक्के होतं. दोन्ही मुदती उलटल्या, डिझेल मात्र हद्दपार झालेलं नाही.

फायबरने फरक पडतो?
पडतो. फायबरमधून सिग्नल लांबपर्यंत जातो, त्यामुळे तांब्याच्या तारेपेक्षा मधली उपकरणं आणि वीज कमी लागते. पण प्रत्येक कंपनीने तोच रस्ता पुन्हा खोदला, तर ही बचत खड्ड्यात जाते.

मग करायचं काय?
रात्री राउटर बंद ठेवा, जुना भंगारात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या. मात्र मोठी बचत टॉवरच्या विजेतच आहे, आणि तो निर्णय कंपन्यांच्या आणि सरकारच्या हातात आहे.