सरपंच आणि राष्ट्राध्यक्ष

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या गावातल्या एका मुलीनं यंदा आम्हाला विचारलं, "सर, अमेरिकेत सरकार बंद पडतं म्हणतात. मग बंद पडलेलं सरकार घरी का जात नाही?" या अंकातला विद्यार्थ्यांसाठीचा विशेष विभाग त्या एका प्रश्नातून उभा राहिला.

तिचं बोट नेमक्या जागी होतं. आपल्याकडे सरकार म्हणजे बहुमत. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयींना २६९ मतं पडली, विरोधात २७०, आणि सरकार गेलं. अमेरिकेत ही गाठ बांधलेलीच नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षं. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात (आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी तिचा संबंध नाही). तिच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य, दोन वर्षांसाठी. सिनेटमध्ये १००, सहा वर्षांसाठी. राज्य लहान असो की मोठं, सिनेटवर प्रत्येकाचे दोघेच. अध्यक्ष काँग्रेसच्या पाठिंब्यावर बसलेला नसतो, म्हणून तिच्या नाराजीनं उठतही नाही. खर्चाच्या मंजुरीवरून दोघं अडून बसले, की खुर्च्या जागेवर राहतात आणि कचेऱ्या बंद होतात. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस तसं झालं. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला.

हे कळायला आमच्या सोनारी गावातल्या माणसानं लांब जायची गरज नाही. महाराष्ट्रानं २०१७ साली सरपंच थेट गावाच्या मतदानातून निवडायचं ठरवलं, २०२० मध्ये ते रद्द केलं, २०२२ मध्ये पुन्हा आणलं. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलकडे, हे चित्र मग अनेक गावांनी पाहिलं. मासिक सभेत ठराव येतो आणि पडतो. सरपंच म्हणतो, मला गावानं निवडलं. सदस्य म्हणतात, आम्हालाही गावानंच निवडलं. दोघंही खरं बोलतात. गटार मात्र उघडंच राहतं. वॉशिंग्टनचं भांडण याच जातीचं आहे, आणि त्यात कुणी लबाड असावाच लागत नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावं.

एका बाबतीत आपला सरपंच पुढंच आहे. त्याला गावाचं मत थेट मिळतं. अमेरिकेचा अध्यक्ष ५३८ निर्वाचक निवडतात, २७० मिळाले की तो जिंकला. म्हणून २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानसभेत मसुदा मांडला, तेव्हा अमेरिकी पद्धत की संसदीय, हीच निवड देशापुढं होती. अमेरिका त्यांनी पुस्तकातून नव्हे, राहून पाहिली होती. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांची मांडणी अशी: कारभाराला स्थैर्यही हवं आणि जबाबदारीही, पण दोन्ही सारख्या मापात मिळत नाहीत. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथं सरकारची झडती रोज होते, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासाच्या प्रस्तावातून. मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं. त्या दिवशी आपल्या मुलखातली निजामाची राजवट जाऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. म्हणजे आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या वतीनं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मुलखात राजाला जाब विचारता आला नाही, त्या मुलखातली माणसं म्हणून आम्हाला रोजच्या झडतीचं मोल अधिक वाटतं. बाबासाहेबांची निवड बरोबर होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग थेट निवडलेल्या सरपंचाची झडती कुणी घ्यायची? अमेरिकेत अध्यक्षावर आरोप प्रतिनिधिगृह ठेवतं, काढायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८, १९९९, २०२० आणि २०२१ अशा चार वेळा सिनेटनं निकाल दिला, एकदाही अध्यक्ष गेला नाही. आपल्याकडे सदस्यांनी अविश्वास ठराव केला तरी तो ग्रामसभेपुढं न्यावा लागतो. शेवटचा शब्द गावाचा. ही ताकद अमेरिकी मतदाराच्याही हातात नाही.

आणि आमचं दुखणं इथंच आहे. सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत रथाच्या दोराला हात लावायला जागा मिळत नाही. ग्रामसभा मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या आम्ही किती पाहिल्या. ज्यांचं वय १८ पूर्ण झालं आणि नाव मतदारयादीत आहे, ते सारे ग्रामसभेचे सदस्य आहेत, बारावीच्या वर्गातली कितीतरी मुलंमुलीसुद्धा.

हे सारं ऐकून त्या मुलीनं पुढचा प्रश्न विचारला, "ग्रामसभेत मला बोलू देतील का?" आम्ही तिला २६ जानेवारीच्या सभेची वेळ विचारून ठेवायला सांगितलंय. त्या दिवशी तिच्या शेजारी आम्हीही बसणार आहोत.