बाईंना सांगून ठेवा!

जून उजाडला की घराघरात शाळेची गडबड सुरू होते. वह्यांना कव्हरं, नवा डबा, रेनकोट, बाटलीवर नाव. पण शाळेचा फॉर्म भरताना 'मुलाला काही आजार आहे का?' या रकान्यात आपण पटकन 'नाही' लिहून मोकळ्या होतो. मुलीला टाइप १ मधुमेह असला, तरी कित्येक घरांत 'नाही'च लिहिलं जातं. का? तर 'उगाच गावभर होईल. उद्या लग्नाचं कसं व्हायचं?'

माझ्या भाचीला हा मधुमेह आहे. सहावीत आहे ती, रोज चार वेळा इन्सुलिन घेते. आमच्या आईचंही म्हणणं हेच, की शाळेत बोलू नका. वहिनीनं मात्र ऐकलं नाही. वर्गशिक्षिकेला भेटून तिनं एका कागदावर सगळं लिहून दिलं. पुढे एकदा खेळाच्या तासानंतर पोरीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. बाईंनी लगेच साखरेचं पाणी दिलं. कागद नसता तर 'उन्हानं झालं असेल, बस जरा सावलीत' एवढंच झालं असतं.

मैत्रिणींनो, हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीरच स्वतःच्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतं. म्हणून इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. ते घेतलं आणि डबा राहिला, किंवा खेळणं जास्त झालं, की साखर उतरते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, गुंगी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

शिक्षक म्हणतात, 'आमच्यावर जबाबदारी नको.' पन्नास-साठ पोरं सांभाळणाऱ्या बाईंचं हे म्हणणं अगदीच चूक नाही. पण त्यांनी इंजेक्शन द्यावं असं कोण म्हणतंय? तासाला खाऊ द्या, लघवीला जाऊ द्या, लक्षणं दिसली की साखर द्या आणि घरी फोन करा, एवढंच मागणं आहे. सीबीएसईनं २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायला परवानगी दिली. बोर्डाच्या परीक्षेत जे चालतं, ते पाचवीच्या वर्गात का चालू नये?

दम्याचा पंप, फिट्सच्या गोळ्या, यांचंही तसंच. एका कागदावर आजाराचं नाव, औषध, लक्षणं, काय करायचं, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर लिहा. एक प्रत वर्गशिक्षिकेकडे, एक ऑफिसात, एक दप्तरात. दरवर्षी बाई बदलल्या की पुन्हा भेटा.

आणि लग्नाची काळजी? लग्न व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं आहेत. साखर मात्र आजच, गणिताच्या तासाला उतरू शकते. तेव्हा आपण तिथे नसतो, बाई असतात. मग लपवायचं तरी कोणापासून?