रोमचा रांजण, इराणचे डांबर

पश्चिम किनाऱ्यावर लांबट रांजणाचे जाड खापर मिळाले की त्यावर ‘रोमन अँफोरा’ अशी चिठ्ठी लावण्याचा मोह आपल्या पुरातत्त्वाला दीर्घकाळ होता. २००७ मध्ये रोबर्टा टोम्बर यांनी ही खापरे पुन्हा तपासली. त्यांतील बरीचशी रोमची नव्हेत, तर मेसोपोटेमियाकडील ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. अशी खापरे आपल्या घारापुरीलाही मिळाली आहेत.

या रांजणांच्या आतला काळा लेप पाहा. सच्छिद्र मातीतून द्रव पाझरू नये म्हणून तो दिलेला असे. हे नैसर्गिक डांबर, म्हणजे भूपृष्ठावर झिरपून, हलका अंश उडून गेल्यावर उरलेले खनिज तेलच. आणि तेल आपले कूळ विसरत नाही. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तेलात पॉर्फिरिन सापडली. ती हरितद्रव्यापासून आलेली होती. पुढे स्टेरेन आणि होपेन ही संयुगे ओळखली गेली. पहिली मुख्यतः शैवालांच्या पेशीपटलांतून येतात, दुसरी जीवाणूंच्या. ज्या खडकात तेल तयार झाले, त्यानुसार या संयुगांचे परस्पर प्रमाण आणि कार्बनच्या समस्थानिकांचे गुणोत्तर बदलते. म्हणून खापरावरचा लेप आणि ज्ञात तेलझरे यांची तुलना करता येते.

श्रीलंकेतील अनुराधापूरच्या खापरांवर नेमके हेच केले गेले. तिसऱ्या ते नवव्या शतकातील त्या लेपांचा माग इराणमधील सुसा परिसरापर्यंत पोहोचला. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही ताम्रपटात न सापडणारा हा दुवा आहे.

रसायनशास्त्राला डोक्यावर घ्यावे, असे मात्र मी म्हणत नाही. डांबर स्वतःही विकले जाई. त्यामुळे लेपाचे गाव आणि रांजणाचे गाव एकच असेल असे नाही. आत मद्य होते की तेल, आणणारा व्यापारी कोण, हे स्टेरेन सांगत नाही. तिथे पुन्हा लेख, नाणी आणि प्रवासवर्णनेच लागतात. पण मोडी वाचता न येणाऱ्याने मराठेशाहीवर ठाम बोलू नये असे आपण मानतो, तर सागरी व्यापारावर लिहिणाऱ्याला असा प्रयोगशाळेचा अहवाल वाचता यायला नको का?

तोवर एक विनंती. उत्खननात किंवा संग्रहालयात काम करण्याची संधी मिळाली, तर खापराच्या आतला काळा थर मळ समजून घासू नका.