परसांतील न्यायशास्त्र

परसबाग ही गोष्ट बाहेरून पाहणाराला फार सोपी वाटते. बी पेरावें, पाणी घालावें, भाजी खुडावी, एवढाच तिचा विस्तार! पस्तीस वर्षें मुलांना शिकविल्यावर आमचीही समजूत तीच होती. किंबहुना जो मनुष्य एकेका वर्गांत साठ साठ मुलें वळणावर आणूं शकतो त्याला चार वेल मांडवावर चढविणें काय अवघड, असा एक सूक्ष्म अहंकारही तींत होता. सन २०२४ च्या पावसाळ्यानें तो उतरविला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें बरेच दिवस मनांत होतें; परंतु तींत आमचा स्वतःचा अपराध असल्यामुळें लेखणी पुढें सरकत नव्हती.

आमचें घर वाईस, कृष्णेपासून हांकेच्या अंतरावर. मागें जेमतेम अर्धा गुंठा परस, त्याला कमरेइतकी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्यांचें अंगण. ऋषिपंचमीची भाजी आपल्या परसांतलीच असावी असा सौभाग्यवतींचा अनेक वर्षांचा आग्रह. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें कांहीं खावयाचें नाहीं असा नेम आहे. नांगरलेल्या शेतांतलें धान्य वर्ज्य, हातानें खणून लाविलेलें तेवढें ग्राह्य. बाजारांत भाजी मिळते खरी, पण तिच्या शेतांत बैल फिरला नाहीं हें कोणीं सांगावें? आणि आतां तर बैलाऐवजीं पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टर फिरतो. तो चालतो कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. म्हणून अक्षय्यतृतीयेस आम्हीं कुदळ हातीं घेतली. भिंतीलगत तांबड्या भोपळ्याचीं दोन आळीं, मांडवापाशीं पडवळ व दोडका, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि उरलेल्या जागेंत माठ, मेथी व वांगीं, अशी मांडणी केली.

आरंभीं बहुतेक सर्व कांहीं विपरीतच घडलें. मेथी दाट पेरली. ती पहिल्या झडींतच मुळाशीं कुजली. माठाचीं रोपें दोन बोटें वर आलीं तों गोगलगाईंनीं एका रात्रींत वाफा साफ केला. राखेचें कुंपण घातलें, तें पावसानें धुवून नेलें. राख कोरडी आहे तोंवरच तिचा उपयोग, हें तेव्हां कळलें. शेवटीं विजेरी घेऊन रात्रीं गोगलगाई वेंचणें हाच उपाय लागू पडला, पण तोंवर माठ उरला नव्हता. वांग्यांनीं तर आमची थट्टाच केली. कांदेनवमीपर्यंत झाडांवर एक फळ नाहीं. आणि चातुर्मास लागून वांगें वर्ज्य झालें मात्र, झाडें वांकलीं! पेठेंतल्या ज्या घरीं वांगें चालतें तेथें आम्हीं तीं वाटलीं, आणि चंपाषष्ठीस स्वतः बाजारांतून विकत आणलीं.

भोपळ्याचा वेल मात्र असा फोफावला कीं जाणारानें थांबून पाहावें. आषाढाच्या आरंभीं मोठमोठालीं पिवळीं फुलें येऊं लागलीं, आणि कांहीं दिवसांनीं त्यांतल्या कांहींच्या खालीं सुपारीएवढे भोपळेही दिसूं लागले. आम्ही रोज सकाळीं ते मोजूं लागलों. सोमवारीं सात, बुधवारीं पांच, शुक्रवारीं तीन! वाढावयाचे ते कमी होऊं लागले. वेलाचा अर्धा पसारा भिंतीवरून शेजारीं उतरला होता. एके सकाळीं पाहतों तों शेजारचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आपल्या पायरीवर बसून आमचे तीन बाळभोपळे ओळीनें मांडून खेळत आहे.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हें नैयायिकांचें उदाहरण आम्हीं जन्मभर मुलांना समजावून दिलें. येथें तर धूर प्रत्यक्ष डोळ्यांपुढें होता! आम्हीं मुलाला कांहीं एक विचारलें नाहीं. जो आवाज शाळा सोडतांना तेथेंच ठेवून आलों असें वाटत होतें तो आपोआप बाहेर पडला. मुलगा कांहीं तरी सांगूं लागला, त्यास ‘उलट बोलूं नकोस’ म्हणून गप्प केलें, आणि वर त्याच्या वडिलांच्या कानावर गोष्ट घातली. सायंकाळीं भिंतीपलीकडून मारण्याचा व रडण्याचा आवाज आला. आम्ही तेव्हां जेवावयास बसत होतों. सौभाग्यवतींनीं ताट वाढलें; पण त्या एक शब्दही बोलल्या नाहींत.

आषाढ सरतां सरतां तो मुलगा चार दिवस आजोळीं गेला. भोपळे मात्र पूर्वीप्रमाणेंच नाहींसे होत राहिले. एके दिवशीं पाऊस क्षणभर उघडला असतां आम्ही वेलाशीं उभे होतों. एक पिवळा पडलेला बाळभोपळा आमच्या डोळ्यांदेखत देठापासून सुटला, भिंतीवरून घरंगळला आणि पलीकडे बरोबर त्या पायरीपाशीं जाऊन पडला. वारा नव्हता, पाखरूं नव्हतें, मुलगा तर गांवांतच नव्हता. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं, हा काकतालीय न्याय. तोही आम्हींच शिकविला होता! फसव्या हेतूला हेत्वाभास म्हणतात हेंही आम्हीं मुलांकडून घोकून घेतलें होतें. आमच्या परसांत मात्र त्यांतलें कांहीं उपयोगीं पडलें नाहीं.

मग खरें कारण कोणतें? तें सौभाग्यवतींनीं दाखविलें. त्या म्हणाल्या, ‘फुलें दोन जातींचीं आहेत, पाहिलेंत ना? हें नुसत्या दांड्यावरचें, आणि ह्याच्या खालीं भोपळा आहे. ह्या पावसांत माशी म्हणून फिरकत नाहीं. मग ह्याचें त्याला कोणीं पोंचवावें?’ सृष्टिज्ञानाच्या तासास भोपळ्याच्या नरफुलाची व मादीफुलाची आकृति आम्हीं फळ्यावर किती वेळां काढली असेल, त्याची गणति नाहीं. वेलावर ती ओळखतां आली नाहीं. भोपळ्याचा पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहीं. तो माशीनेंच न्यावा लागतो. त्यांतून फूल पहाटे उमलतें आणि दोन प्रहर होण्यापूर्वींच मिटतें, तें पुन्हां उमलत नाहीं. तेवढ्या अवकाशांत झड लागली तर माशी बाहेर पडत नाहीं, पराग भिजून वायां जातो, आणि पराग न मिळालेला बाळभोपळा थोड्याच दिवसांत पिवळा पडून गळतो. फळमाशीनें डंख केलेलीं फळेंही गळतात. परंतु त्यांवर चिकाचा थेंब व आंत अळ्या दिसतात. आमच्या फळांत तसें कांहीं नव्हतें. उपाय साधा आहे. सकाळीं लौकर, नुकतें उमललेलें नरफूल खुडावें, त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्या, आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलक्या हातानें फिरवावा. पावसाचें चिन्ह असल्यास आदल्या सायंकाळींच उमलूं घातलेल्या कळ्यांवर केळीच्या पानाचा आडोसा करावा.

हें सर्व कळलें तरी खरें काम राहिलेंच होतें. मुलगा परत आल्यावर आम्ही शेजारीं गेलों. साठीपुढील मास्तरानें दहा वर्षांच्या मुलापुढें उभें राहून ‘आमची चूक झाली, तूं भोपळे तोडले नव्हतेस’ असें म्हणणें किती कठीण आहे, हें अनुभवावांचून समजावयाचें नाहीं. वडील संकोचले, ‘अहो मास्तर, मुलाजवळ हें कसलें!’ म्हणूं लागले. मुलगा मात्र म्हणाला, ‘आजोबा, मी तेंच सांगत होतों. ते पायरीवर पडलेले असायचे.’

तेंच सांगत होतों! वर्गांत अशा किती मुलांना आम्हीं सांगूं दिलें नसेल, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या पाठीस लागला आहे. त्यांतल्या कांहींचीं मुलें आतां कमावतीं झालीं असतील. त्या सर्वांच्या दारीं जाणें आतां होणार नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा सकाळीं सहाला भिंतीवरून हांक मारूं लागला. नरफूल कोणतें, मादीफूल कोणतें, हें तो आमच्याआधीं ओळखी. आठ फुलांवर आम्हीं दोघांनीं पराग फिरविला; चार फळें धरलीं; एक फळमाशीनें नेलें, तीन राहिलीं. फळमाशीचें तें फळ आम्हीं खोल पुरून टाकलें, नाहीं तर तिची प्रजा बाकीच्यांवर बसती. ऋषिपंचमीस माठ नव्हता. अळू, पडवळ, दोडका व एक भोपळा, एवढ्यावर ऋषींनीं गोड मानून घेतलें असावें. दुसरा भोपळा शेजारीं दिला. तिसरा बियाण्यासाठीं वेलावरच पिकूं दिला, आणि त्याचें बी पुढच्या अक्षय्यतृतीयेस पेरलें तेव्हां आळें त्या मुलानें खणलें.

परसबाग करणारांस आमचें सांगणें एवढेंच कीं, रोज सकाळीं फळें मोजण्यापेक्षां फुलें पाहावीं. आणि परसांतून कांहीं नाहींसें झालें तर तें कोणीं नेलें हें विचारण्यापूर्वीं, तें आपोआप गळलें नाहीं ना, हें आधीं वांकून पाहावें.