परसातील आगगाडी

इंग्लंडात कन्येकडे मुक्कामास असताना, गेल्या रविवारी शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांच्या परसात भरलेला तेथील ‘उद्यान-रेल्वे’ मंडळाचा मेळावा पाहण्याचा योग आला. आणि हातभर लांबीचे इंजिन, ब्युटेनच्या ज्योतीवर खरोखरीचे पाणी उकळून खरोखरीची वाफ सोडीत, गुलाबांच्या ताटव्यांतून सहा डबे ओढीत निघाले, तेव्हा मला माझ्या वयाचा सर्वस्वी विसर पडला. तत्पूर्वी एक सभासद गुडघे टेकून रुळांवरील पाने वेचीत होते, दुसरे बुधलीतून सांध्यांना तेल घालीत होते, आणि रुळावर आडव्या आलेल्या गोगलगाईस खुद्द अध्यक्षांनी अदबीने उचलून कोबीच्या वाफ्यात पोचते केले. रुळांमधील अंतर अवघे ३२ मिलिमीटर. परंतु फुटास १६ मिलिमीटर हे त्यांचे प्रमाण लावले की ते बरोबर दोन फूट भरते, आणि दोन फूट म्हणजे १९०७ साली सुरू झालेल्या आपल्या नेरळ-माथेरान गाडीच्याच रुळांमधील अंतर! या छंदास पोरखेळ म्हणणे मला साफ नामंजूर आहे. बाष्पपात्रातील पाण्याची पातळी ज्याने स्वहस्ते राखली, त्यालाच इंजिन कळले. वाचकहो, कोणाच्या अंगणात वीस हात मोकळी जागा असेल तर अवश्य पत्र टाका. परतताच रूळ अंथरण्यास मी हजर होईन.