ॲपला भीमाचे नाव, पण आडनावाची चौकशी कायम!

ब्राह्मणपुरी आणि टेंभली ही एकाच शहादा तालुक्यातली गावे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक टेंभलीतल्या आदिवासींना दिले गेले. ३० डिसेंबर २०१६ रोजी पैसे पाठवण्याचे 'भीम' ॲप आले. नाव बाबासाहेबांचे घेतले, विचार घेतला का?

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तरीही आज क्यूआर कोड स्कॅन करताच समोरच्याचे नाव-आडनाव पडद्यावर येते. आपल्या देशात आडनाव म्हणजे बहुतेक वेळा जातच! शंभराची नोट जात विचारत नव्हती. यूपीआय न विचारताच सांगते.

"व्यवहार तर एन्क्रिप्टेड असतो," असे उत्तर मिळते. पण ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे. बँकेला आणि ॲपवाल्या कंपनीला तुम्ही कुणाला, कधी, किती दिले हे दिसतेच. जयंतीची वर्गणी, संघटनेची मदत, दवाखान्याचे बिल, सगळ्याची नोंद राहते.

यावर इलाज नाही असे नाही. १९८२ मध्येच डेव्हिड चॉम यांनी 'आंधळी सही' मांडली. कार्बन लावलेल्या बंद पाकिटावर बँक सही करते. आतल्या नोटेवर ती उमटते, पण नोटेचा क्रमांक बँकेला दिसत नाही. नोट परत आल्यावर ती खरी आहे हे कळते, कुणी खर्च केली हे कळत नाही.

मग काळा पैसा वाढेल? नाही. या पद्धतीत देणारा झाकलेला राहतो. घेणाऱ्याला नोट बँकेत भरावीच लागते. लाच घेणारा तिथेच दिसतो. म्हणजे गरिबाचे खाजगीपण आणि करवसुली यांत भांडण नाही. भांडण आहे ते पाळत ठेवण्याच्या सवयीशी.

अंगठ्याचेही तेच. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. एकलव्याच्या वारसांकडे पुन्हा अंगठाच मागायचा?

म्हणून मागणी साधी आहे. पैसे देताना पूर्ण नाव दाखवण्याची सक्ती नको. अंगठ्याशिवाय पैसे काढण्याचा पर्याय गावोगावी हवा. आणि छोट्या रकमांसाठी आंधळ्या सहीची डिजिटल नोट हवी. हक्क कागदावर लिहून पुरत नाही, तो यंत्राच्या रचनेतही उतरावा लागतो.

जयभीम!